जमिनीला पाय न लावता

पेंतेलीच्या डोंगरावर संगमरवराच्या खाणीत माणूस मरणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. शिळा घसरायची, पहार निसटायची, उन्हानं चक्कर येऊन एखादा कड्यावरून खाली जायचा. मेलेल्याला धुऊन, तेल लावून, पुरून माणसं पुन्हा कामाला लागायची. पण मेलांथोस मेला तेव्हा दोराचं टोक स्त्रातोनच्या हातात होतं, आणि आदल्याच संध्याकाळी दोघांची हौदापाशी गावादेखत जुंपली होती. सगळं बिघडलं ते तिथं.

भांडण एका खेचरावरून झालं होतं. मेलांथोसनं स्त्रातोनचं खेचर मागून नेलं आणि पायानं अधू करून परत आणलं. शिव्या दिल्या-घेतल्या गेल्या. "तुझ्या बापानं कधी खेचर पाहिलं होतं का रे?" असं मेलांथोस म्हणाला आणि लोक हसले. झालं एवढंच. दुसऱ्या दिवशी दोघं नेहमीसारखे कामावर आले.

शिळा उतरवायची म्हणजे ती लाकडी घसरगाडीवर बांधायची, आणि उताराच्या दोन्ही बाजूंना रोवलेल्या खुंटांना दोराचे वेढे देऊन दोघांनी दोर हळूहळू सोडत जायचं. त्या दिवशी डावा दोर खारियासकडे होता. तो मेलांथोसचा धाकटा भाऊ. उजवा स्त्रातोनकडे. मेलांथोस गाडीच्या पुढं, फळ्यांना चरबी चोपडत उलटा चालत होता. मध्येच उजवा दोर सळसळत सुटला. गाडी डावीकडे वळली, आडवी झाली. खारियासनं आपला दोर असा धरून ठेवला की दोन्ही तळव्यांची सालटी निघाली. पण एका दोरानं शिळा थांबत नसते.

स्त्रातोनच पहिला धावत खाली पोचला होता. "हटवा रे, कुणीतरी पहार आणा!" म्हणून ओरडत होता. पहारीचा काही उपयोग नव्हता.

घरी आई आर्खिप्पीनं थोरल्याचं जे काही उरलं होतं ते मांडीवर घेतलं. बायकांनी गाल ओरबाडून रडायचं नाही, असा अथेन्स नगराचा नवा कायदा होता. आर्खिप्पीनं गाल ओरबाडले. शेजारणी तिचे हात धरू लागल्या तेव्हा ती म्हणाली, "कायदा करणाऱ्यांना सांगा, माझ्या दारात या, आणि मग माझे हात धरा." मग तिनं खारियासला जवळ बोलावलं. सगळ्यांत धाकटा भाऊ फेदिमोस तेव्हा लहान होता, आईच्या पदराला धरून उभा होता.

"तू तिथं होतास. पाहिलंस ना? त्यानं सोडला ना दोर?"

"मी माझ्या दोराकडं बघत होतो, आई."

"मी विचारते, त्यानं सोडला ना?"

"दोर पळताना दिसला. हात नाही दिसला."

आई त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं कोपऱ्यातला बापाचा भाला काढून त्याच्या फाटलेल्या हातात दिला. खून झालेल्या माणसाच्या तिरडीपुढं नातलगानं भाला घेऊन चालायचं आणि तो थडग्यावर रोवून मारेकऱ्याचं नाव पुकारायचं, ही जुनी रीत. बाप केव्हाच वारला होता, तेव्हा हे काम खारियासचंच. तो चालला. भाला रोवला. त्यानं स्त्रातोनचं नाव घेतलं, पण आवाज इतका बारीक निघाला की मागच्यांना ऐकू गेलं नाही. आर्खिप्पीनं ते पुन्हा, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं पुकारलं.

तिच्या आजोबांच्या वेळी असं काही झालं की पुढचं सगळं सरळ असायचं. त्यांचा एक गेला, की आपला एक जायचा, मग पुन्हा त्यांचा. कुणाचा तरी वंश संपला की थांबायचं. आता पंच होते. पंचांपुढं खारियास उभा राहिला, स्त्रातोन उभा राहिला, खाणीतली माणसं साक्षीला आली. खेचराचंही निघालं. शेवटी पंचांनी निकाल दिला: मारलं खरं, पण मारायचं म्हणून मारलं नाही. स्त्रातोननं देश सोडावा. मेलेल्याचे सगळे पुरुष नातलग जेव्हा माफी देतील तेव्हाच परत यावं. एक जरी नाही म्हणाला, तरी नाही.

"आणि बाहेर असताना त्याच्या केसाला कुणी हात लावायचा नाही," पंचांतला म्हातारा म्हणाला. "तो सीमेबाहेर आहे तोवर कायद्याच्या पदराखाली आहे. त्याला मारणारा खुनी."

आर्खिप्पीला घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ती मागावर बसली होती. धोटा थांबला नाही. "म्हणजे माझा मुलगा मातीत, आणि तो कायद्याच्या पदराखाली," एवढंच ती म्हणाली.

स्त्रातोन समुद्रापलीकडं ट्रोइझेन गावी गेला. दगड फोडण्याचंच काम धरलं असं कळलं.

*

वर्षं गेली. खारियासचं लग्न झालं, बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेलं. त्यानं पुन्हा लग्न केलं नाही. खाण होती, थोडी ऑलिव्हची झाडं होती. फेदिमोस वाढत होता. तो आईचं बोलणं ऐकत वाढला. आर्खिप्पी जवाचं पीठ मळता मळता बोलायची, दळता दळता बोलायची. जमिनीखाली त्या सूडाच्या देवता आहेत, ज्यांचं नाव घ्यायचं नसतं; त्यांना रक्ताचा वास येतो; त्या झोपत नाहीत, आणि ज्याच्या भावाचा सूड घ्यायचा राहिला त्यालाही झोपू देत नाहीत. खारियासला ते सगळं पाठ होतं आणि तो त्यातलं काही ऐकत नसे. फेदिमोस ऐकत असे.

फेदिमोस वयात आला, गावच्या नोंदीत त्याचं नाव चढलं, त्याच वर्षी स्त्रातोनचा बाप लीकोन दारात आला. हातात लोकर गुंडाळलेली ऑलिव्हची डहाळी. कुणाशी न बोलता तो सरळ चुलीपाशी गेला आणि राखेत बसला. शरण आलेला माणूस असाच बसतो. त्याला उठवायचं म्हणजे देवाला उठवायचं.

"काका, राखेतून उठा," खारियास म्हणाला. "वर बसा."

"इथंच बरा आहे." लीकोनचा आवाज बसलेला होता. "माझे डोळे चालले, खारियास. पोराचं तोंड ओळखू येईल तोवर तो यावा. एवढंच. जमीन मागत नाही, मानपान मागत नाही. तो खाणीत येणार नाही, हौदावर येणार नाही. घरात बसेल. माझ्या डोळ्यांवर माती टाकेल आणि मग जा म्हणालात तर जाईल."

खारियास त्याच्यापुढं उकिडवा बसला. लीकोननं लहानपणी त्याला मधाची पोळी कशी काढायची ते शिकवलं होतं. मेलांथोसलाही. त्याला खरं तर आता राग येत नव्हता. राग धरायला जोर लागतो, आणि त्याचा सगळा जोर दगडात जात होता.

"माझ्याकडून माफी आहे," तो म्हणाला.

मागाचा आवाज थांबला. आईला बोलायचा हक्क नव्हता. माफी पुरुषांनी द्यायची असते. तिनं फक्त फेदिमोसकडं पाहिलं.

"माझ्याकडून नाही," फेदिमोस म्हणाला.

"पोरा..."

"पोरा नाही म्हणायचं. नोंद झालीय माझी. काका, तुमचा मुलगा जिवंत आहे, तुम्ही बोटीत बसून जाऊन त्याला बघू शकता. मला माझ्या भावाचा चेहरासुद्धा आठवत नाही. ज्या दिवशी आठवेल त्या दिवशी या."

लीकोन उठताना हात टेकायला काही शोधत होता. खारियासनं हात दिला. दारापर्यंत सोडून परत आला तर आई फेदिमोसच्या ताटात अंजिरं वाढत होती.

*

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. एका पहाटे खारियास खाणीकडं निघाला तर फेदिमोस उलट, खाली बंदराच्या वाटेनं जाताना दिसला. खांद्यावर झोळी. कमरेला मेलांथोसचा सुरा. तो इतकी वर्षं पेटीत होता आणि आता त्याला नवी धार होती.

"कुठं?"

"पिरेउसला. काम बघतो."

"सुऱ्यानं कसलं काम करतात?"

फेदिमोस हसला. दाढीची पहिली लव होती गालावर. "दादा, तू आपल्या वाटेनं जा की."

"फेदिमोस, ऐक. तो सीमेबाहेर आहे. तू त्याला मारलंस तर तू खुनी ठरशील. पंच तुला सोडणार नाहीत."

"मग मला घेऊन जातील. तेवढं चालेल."

"आईनं पाठवलं?"

"आईनं भाकरी बांधून दिली. पाठवलं कुणी नाही. मीच जातोय." तो जवळ आला. "तुला खरं सांगू दादा? लोक मला अजून म्हणतात, तो बघ, एक भाऊ मेला नि दुसऱ्यानं दोर धरून ठेवला, त्याचा तो तिसरा. तू दोर धरून बसला होतास ना? बस. धरून बस."

त्याला पकडून आडवा करणं खारियासला सहज जमलं असतं. दगडफोड्याचे हात होते त्याचे. पण ते शब्द असे वर्मी बसले की हात उचललेच नाहीत. फेदिमोस वळणाआड गेला. खारियास वर खाणीत गेला आणि दिवसभर त्यानं एकही शिळा नीट फोडली नाही.

महिन्याभरानं ट्रोइझेनचा एक नावाडी काखेत मडकं घेऊन आला. मडक्याच्या तोंडाला मेण लावलेलं होतं.

"स्त्रातोननं दिलंय," तो दारातूनच म्हणाला. आत यायला तयार नव्हता. "रीतसर दहन केलंय. मध, दूध, दारू, सगळं ओतलंय. केस कापून वाहिलेत. मी डोळ्यांनी पाहिलं. कमी काही केलं नाही त्यानं."

"काय झालं?" खारियासनं विचारलं.

"पोरगा विहिरीमागं दबा धरून बसला होता. स्त्रातोन पाणी भरायला वाकला. पहिला वार खांद्यात बसला. दुसऱ्या वाराआधी त्यानं हातातली घागर... पोराच्या कानशिलावर. तो पडला तो उठलाच नाही." नावाड्यानं खाली बघितलं. "आमच्या गावच्या बायका पाणी भरत होत्या. सगळ्यांनी पाहिलं."

आर्खिप्पीनं मडकं हातात घेतलं. लहान मुलाचं वजन बघावं तसं वरखाली केलं. "किती हलका झाला," ती म्हणाली. यावेळी तिनं गाल ओरबाडले नाहीत. ती रडलीही नाही. खारियासला त्याचीच भीती वाटली.

*

"आता तुझा कायदा वापर," दुसऱ्या दिवशी आई म्हणाली. "तुझा फार जीव ना त्याच्यावर? माझे दोघे गेले, तिसरा कायद्यानं बोलतो. बोल मग. त्याच्यावर खुनाचा दावा लाव. यावेळी मरेल तो."

"आई, फेदिमोस मारायला गेला होता."

"कुणाला माहीत?"

"सगळ्या ट्रोइझेनला."

"ट्रोइझेनच्या बायका इथं साक्षीला येणार आहेत? बाईची साक्ष घेतात कुठं? तू सांग की फेदिमोस माफी द्यायला गेला होता. त्याचं मन पालटलं. म्हातारा लीकोन राखेत बसला ते पाहून पालटलं. गेला, आणि त्या राक्षसानं घागरीनं डोकं फोडलं." तिनं त्याचा हात धरला. तळव्यावरच्या जुन्या वणांवरून तिचा अंगठा फिरत होता. "नाहीतर तू स्वतः जा. दोन्हींतलं एक कर. पण या घरात नुसता जेवत बसू नकोस."

त्या दोन्हींतलं कुठलं करावं याचा विचार खारियासनं बरेच दिवस केला. सुऱ्याचा विचारही केला. केला नाही असं नाही. एकदा तर तो बंदरापर्यंत जाऊन आला. बोट धक्क्याला लागलेली होती, नावाडी "येतोस का?" म्हणाला, आणि त्याचा एक पाय फळीवर पडलाही. मग तो मागं फिरला आणि सरळ नगरात गेला. तिथं ज्या अधिकाऱ्याला अजूनही 'राजा' म्हणत, त्याच्यापुढं त्यानं दावा मांडला. राजा म्हणायचं ते नुसतं नाव. वर्षभरासाठी निवडलेला, खोकल्यानं बेजार झालेला म्हातारा गृहस्थ होता तो.

"आरोपी आधीच्या खुनासाठी बाहेर आहे, आणि त्याची माफी झालेली नाही," म्हातारा म्हणाला. "म्हणजे त्याचे पाय या जमिनीला लागता कामा नयेत. आणि आरोप ऐकल्याशिवाय शिक्षाही देता येत नाही. तेव्हा निवाडा किनाऱ्यावर होईल. तो होडीतून बोलेल."

"आला नाही तर?"

"ते येतात," म्हातारा म्हणाला. "आपल्याला वाटतं त्याहून जास्त वेळा येतात."

*

स्त्रातोन आला. पिरेउसजवळच्या त्या खडकाळ किनाऱ्यावर पंच बाकांवर बसले होते, वाऱ्यानं त्यांची वस्त्रं फडफडत होती. हाकेच्या अंतरावर एक मासेमारीची होडी डुलत होती. नांगर टाकायचा नाही, फळी लावायची नाही, दोर बांधायचा नाही. दोन वल्हेकरी होडी जागच्या जागी धरून ठेवत होते. मध्ये स्त्रातोन उभा होता. एक खांदा खाली उतरलेला. केस पांढरे. खारियासला तो ओळखू यायला वेळ लागला; वयानं तर तो खारियासहून फारसा मोठा नव्हता.

लीकोन गर्दीच्या पुढं, पाण्याच्या रेषेवर उभा होता. "कुठं आहे? कोणता तो?" शेजारच्याला विचारत होता. "तो मधला? उभा आहे तो?"

आधी शपथ. रानडुक्कर, मेंढा आणि बैल यांच्या कापलेल्या मांसावर उभं राहून ती घ्यायची असते. खारियासच्या अनवाणी पायांखाली ते अजून ऊन होतं. पाय घसरत होता. राजा एकेक वाक्य सांगत होता, खारियास म्हणत होता. खोटं बोललो तर माझा नाश होवो. माझ्या घराचा नाश होवो. माझा वंश बुडो. हे म्हणताना त्याला हसू आल्यासारखं झालं. घर म्हणजे एक म्हातारी होती. वंश आधीच बुडाला होता. या शपथेला त्याच्याकडून घ्यायला काही उरलंच नव्हतं.

"बोल," राजा म्हणाला.

खारियासनं ठरवून आणलेलं वाक्य सुरू केलं. "माझा भाऊ फेदिमोस ट्रोइझेनला गेला होता, तो..."

पुढचे शब्द तयार होते. माफी द्यायला. मन पालटलं म्हणून. एवढे दोन शब्द गेले की काम झालं. आणि त्याच वेळी त्याच्या डोळ्यांपुढं पहाटेच्या वाटेवर हसणारा फेदिमोस आला, गालावर लव असलेला, कमरेच्या सुऱ्याला तोऱ्यानं हात लावणारा. त्या पोरानं आयुष्यात एकच गोष्ट स्वतः ठरवून केली होती. ती चूक होती, वेडेपणा होता, पण त्याची होती. आता त्याच्या तोंडात माफी घालायची म्हणजे मडक्यात जे काही उरलं होतं तेही वाऱ्यावर सोडायचं. मग मेला तो कोण?

"...तो याला मारायला गेला होता," खारियास म्हणाला.

पंचांत कुजबुज झाली. एकजण पुढं वाकला. "काय म्हणालास?"

"मारायला गेला होता. थोरल्या भावाचा सुरा घेऊन. मी त्याला वाटेत पाहिलं. कशाला जातोय ते मला ठाऊक होतं. यानं त्याला मारलं, हे खरं आहे. त्यानं आधी वार केला, हेही खरं असावं."

"मग दावा कशाला आणलास, भल्या माणसा?" दुसरा पंच वैतागून म्हणाला. "आमचा दिवस..."

"नसता आणला तर सुरा घेऊन मीच गेलो असतो," खारियास म्हणाला. "मला तिसरी वाट माहीत नव्हती."

राजानं होडीकडं हात केला. स्त्रातोन बोलू लागला, पण वारा त्याचे शब्द अर्धे नेत होता. वल्हेकऱ्यांनी होडी जरा आत घेतली. तळ खडकाला लागेल म्हणून पहारेकरी ओरडला. पुन्हा मागं घेतली.

"जे म्हणाला ते खरं," स्त्रातोन ओरडून म्हणाला. "मला वाढवायचं नाही काही. पोरगा होता. मी वळून बघितलं असतं तर कदाचित हात धरता आला असता. मी बघितलं नाही. घागर फिरवली."

"स्त्रातोन!" खारियासला स्वतःचाच आवाज ऐकून नवल वाटलं. असं मध्ये बोलायचं नसतं. राजानं त्याला अडवलं नाही. "तो दोर. सोडलास की सुटला?"

होडी हलली. स्त्रातोननं तोल सावरायला वल्हेकऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सुटला," तो म्हणाला. "पण तेव्हा मी तुझ्या भावाला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. हौदापाशी लोक हसले ते आठवत होतो. माझं लक्ष दोरावर नव्हतं रे. त्याच्यावर होतं."

पंच उठले, एकेकानं आपल्या मताचा खडा टाकला. निकालाला वेळ लागला नाही. दुसऱ्या खुनातून स्त्रातोन निर्दोष.

तेवढ्यात पाण्यात काहीतरी पडल्यासारखा आवाज झाला. लीकोन समुद्रात उतरला होता. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. हात पुढं करून चाचपडत चालला होता, तोंडात पाणी जात होतं. पहारेकऱ्यांनी राजाकडं बघितलं.

"पाणी म्हणजे जमीन नव्हे," राजा खोकत म्हणाला. "जाऊ द्या त्याला."

म्हाताऱ्याचा हात होडीच्या काठाला लागला. स्त्रातोन वाकला. लीकोन त्याचा चेहरा बोटांनी चाचपत होता. कान, नाक, खाली उतरलेला खांदा. काय बोलले ते किनाऱ्यावर आलं नाही.

राजा खारियासकडं वळला. "जुनी माफी राहिलीय," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आता मेलेल्याचा नातलग तू एकटाच उरलास. दुसऱ्या कुणाला विचारायचं नाही. देतोस?"

एकदा आपण ती दिली होती, हे खारियासला आठवलं. तेव्हा सोपं होतं. आता तो त्या बापाच्या हातांकडं बघत होता, आणि मनात दया यावी म्हणून वाट बघत होता. आली ती दया नव्हती. आपल्या घरी मडक्यावरून हात फिरवणारी बाई आहे आणि तिला चाचपायला नाक नाही, कान नाही, एवढंच त्याला दिसत होतं. स्त्रातोननं खरं सांगितलं होतं, आणि त्या खऱ्यानंच माफी अवघड केली होती. लक्ष दोरावर नव्हतं. त्याच्यावर होतं.

"नाही," तो म्हणाला. "याला मारू नका. कुणी मारू नये. पण माझ्या डोंगरावर मला हा दिसायला नको."

राजानं मान हलवली. कायद्याला एवढं पुरे होतं.

वल्हेकऱ्यांनी लीकोनला परत ढकलायला पाहिलं तर तो काठ सोडेना. शेवटी त्यांनी त्याला काखेत धरून वर ओढलं. म्हातारा ओलाचिंब, होडीच्या तळाशी बसला. त्याच्या घराचं दार उघडंच होतं, शेळी बांधलेली होती. शेजाऱ्यांनी दोन दिवसांनी ती सोडली. होडी वळली आणि दक्षिणेकडं निघाली.

*

घरी खारियासनं आईला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. आर्खिप्पीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मारायला गेला होता म्हणालास? सगळ्यांपुढं?"

"हो."

"आणि माफी?"

"नाही दिली."

"म्हणजे तू मारलंही नाहीस आणि सोडलंही नाहीस." ती उठली. "मग तू केलंस तरी काय, खारियास?"

त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नाही. जेवण वाढायची, ताट ठेवायची, तोंड फिरवायची. शेजारणीला म्हणायची, "घरात एक पुरुष आहे, त्याला सांग, तेल संपलं." अशी ती बरीच वर्षं जगली. तिच्या हातची भाकरी तो रोज खात होता. मरताना तिनं पाणी मागितलं तेही शेजारणीकडं.

तिला पुरून आल्यावर खारियास नगरात गेला. राजा म्हणून आता दुसराच कुणी बसला होता. त्याच्यापुढं त्यानं माफी दिली, दोन साक्षीदारांसह, रीतसर. का देतोस असं त्यानं विचारलं नाही आणि खारियासनं सांगितलं नाही. खरं तर त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. मन मऊ झालं होतं असं नाही. एवढंच वाटलं की हे आता आपल्यानंतर कुणाकडं जाणार नाही, तर संपवायचं ते आपणच संपवावं.

ट्रोइझेनला जाणाऱ्या नावाड्याकरवी त्यानं निरोप पाठवला. नावाडी द्राक्षांच्या हंगामात परतला.

"भेटला?"

"भेटला. बापाला जाऊन दोन हिवाळे झाले म्हणे. एकटाच असतो, दगड फोडतो. मी सांगितलं, माफी झाली, आता तू घरी जाऊ शकतोस."

"मग?"

"हातोडा खाली ठेवला त्यानं. जरा बसला. मला अंजीर दिलं. मग म्हणाला, त्याला सांग, मिळाली."

"आणि कधी येतोय?"

नावाड्यानं खांदे उडवले. "तेवढंच म्हणाला. मग हातोडा उचलला."

खारियासनं त्याला आत बोलावलं, दारूत पाणी घालून दिली. नावाडी पीत असताना तो दारात उभा राहून खालच्या पठाराकडं बघत होता. तिथं कुणाच्या तरी नव्या देवळासाठी शिळा मागवल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याला खुंटापाशी लवकर पोचायचं होतं.